चष्म्याचा नंबर नुसता देऊ नका, लिहूनही ठेवा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

लहान मुलांना लागणाऱ्या चष्म्यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेकांचा रोख मोबाईलवर आहे आणि तो अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मुलाला चष्मा का लागला, एवढ्यावरच ही सगळी चर्चा थांबते, आणि एकदा लागलेल्या चष्म्याचा नंबर पुढची आठ-दहा वर्षे कसा चढत जातो व त्या चढण्याचा वेग कमी करता येतो काय, याबद्दल कोणी लिहीत नाही. मी बेळगावच्या शहापूर भागात गेली एकतीस वर्षे चष्म्याचे दुकान चालवतो. मी डॉक्टर नाही. शिवाय ज्या काचांविषयी पुढे लिहिणार आहे, त्या माझ्याही दुकानात विकल्या जातात, तेव्हा वाचकांनी माझे म्हणणे तो हिशेब धरूनच पारखून घ्यावे.

आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर वहीत लिहून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. चष्मा हरवला, काच फुटली की लोक तारीख सांगत येतात आणि आम्ही वही काढतो. त्यापलीकडे त्या वह्यांचा काही उपयोग असेल असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात येळ्ळूरच्या बाजूची एक चोवीस वर्षांची मुलगी दुकानात आली. तिच्या हातातल्या कागदावर मायनस साडेआठ नंबर होता आणि डोळ्याच्या पडद्याला कडेला छिद्रे पडल्यामुळे लेझर करून घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. ती लहानपणापासून माझ्याकडेच येत असे, म्हणून मी जुन्या वह्या उतरवल्या. २००९ साली, तिसरीत असताना, पहिला चष्मा : मायनस एक. पुढच्या वर्षी पावणेदोन, २०११ मध्ये अडीच, २०१२ मध्ये साडेतीन. मधले एक वर्ष नोंद नाही, कारण त्या वर्षी घरच्यांनी तिला मिरजेला दाखवले होते. २०१४ मध्ये पाच आणि २०१७ मध्ये सात. प्रत्येक नोंदीपुढे माझ्याच अक्षरात फ्रेमचा रंग आणि उरलेली बाकी लिहिलेली आहे. या मुलीचा नंबर वर्षाला पाऊण ते एक या गतीने धावतो आहे, ही गोष्ट त्या वहीत पहिल्या चार वर्षांतच धडधडीत लिहिलेली होती. मात्र त्या नोंदी एकाखाली एक ठेवून मी कधी वाचल्याच नव्हत्या. खरे सांगायचे तर दरवर्षी नवा चष्मा म्हणजे बांधलेले गिऱ्हाईक, असेच आम्ही समजत आलो.

मायनस नंबर, ज्याला शाळेच्या पुस्तकात निकटदृष्टिता म्हणतात, तो बहुतेक मुलांत डोळ्याचा गोळा मागे-पुढे लांबल्यामुळे येतो. मोठ्या माणसाचा निरोगी डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एका मिलिमीटरने अधिक लांबला की ढोबळमानाने अडीच नंबरांचा फरक पडतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून गाजराचा रस, डोळ्यांचे व्यायाम किंवा ‘चष्मा घालवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती यांनी मुलाचा खरा मायनस नंबर उतरत नाही. मोठेपणी करतात त्या लेझरच्या शस्त्रक्रियेनेही चष्मा जातो तो बुबुळाचा पुढचा पापुद्रा घासून. आतला ताणलेला पडदा होता तसाच राहतो. नंबर सहाच्या पुढे गेला की पडदा सुटणे, काचबिंदू होणे आणि पडद्याचा मधला भाग झिजणे हे धोके वाढतात, आणि ते वाढतात ते या ताणामुळे. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीचा पहिला प्रश्न ‘लग्नाआधी लेझरने नंबर घालवता येईल का’ हा होता. दोन वेगवेगळ्या लेझरांची तिच्या मनात गल्लत झाली होती, आणि ती दूर करण्यातच अर्धा तास गेला.

डोळा लांबतो कसा, हे कोडे शास्त्रज्ञांनी आधी प्राण्यांवर सोडवले. कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यांपुढे मायनसची काच बांधली तर डोळा लांबतो आणि प्लसची बांधली तर त्याची वाढ मंदावते, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. पुढे अमेरिकेत ह्यूस्टन येथे अर्ल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की डोळ्याने किती वाढायचे हे केवळ पडद्याच्या मधल्या भागावर ठरत नाही, कडेच्या भागावर पडणाऱ्या प्रतिमेवरही ते अवलंबून असते. आपण मुलांना देतो ती साधी मायनसची काच मधली प्रतिमा बरोबर पडद्यावर आणते, पण कडेची प्रतिमा बऱ्याच मुलांत पडद्याच्या मागेच राहते, आणि तिला गाठण्यासाठी डोळा आणखी मागे सरकत जातो, असा या विषयातला आजचा समज आहे. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर फळा नीट दिसावा म्हणून दिलेली काच नंबर रोखण्याचे काम करत नाही. ते तिचे कामच नव्हे.

नव्या काचा याच ठिकाणी वेगळ्या आहेत. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने होया या जपानी कंपनीबरोबर तयार केलेली मायोस्मार्ट ही काच २०१८ मध्ये बाजारात आली. तिच्या मधोमध सुमारे ९ मिलिमीटरचा गोल भाग मुलाच्या नेहमीच्या नंबराचा असतो आणि त्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सुमारे चारशे बारीक ठिपके असतात, प्रत्येक ठिपका मूळ नंबरापेक्षा साडेतीन प्लसचा. हे ठिपके प्रकाशाचा काही भाग पडद्याच्या पुढे आणून ठेवतात आणि त्यामुळे डोळ्याला मागे वाढण्याची निकड राहत नाही. एसिलॉर कंपनीच्या स्टेलेस्ट काचेत हेच काम ११ वर्तुळांत बसवलेली १०२१ सूक्ष्म भिंगे करतात. समोरून पाहिले तर दोन्ही काचा साध्या काचेसारख्याच दिसतात. ट्यूबलाइटखाली तिरपी धरली की मगच पावसाच्या बारीक थेंबांसारखी नक्षी नजरेस येते. पालकांना मी ती तशी धरून दाखवतो, नाही तर इतके पैसे कशाचे, हा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक आहे.

या काचांनी नंबर थांबतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. वेग कमी होतो, एवढेच खरे, आणि माझ्या मते तेवढेही पुष्कळ आहे. हाँगकाँगमध्ये ८ ते १३ वर्षांच्या १६० मुलांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीत साध्या काचेच्या मुलांचा नंबर सरासरी ०.८५ ने वाढला आणि ठिपक्यांच्या काचेच्या मुलांचा ०.४१ ने, डोळ्याची लांबी पहिल्या गटात ०.५५ मिलिमीटरने वाढली, तर दुसऱ्यात ०.२१ ने. चीनमधील वेन्झाऊ येथे स्टेलेस्टची अशीच दोन वर्षांची चाचणी झाली. तिथे साध्या काचेवर १.४६ आणि नव्या काचेवर ०.६६ अशी वाढ दिसली, आणि ज्या मुलांनी रोज किमान बारा तास चष्मा घातला त्यांना अधिक फायदा झाला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांचा नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी स्टेलेस्टला मान्यता दिली. ही आकडेवारी सरासरीची आहे. माझ्याकडच्या काही मुलांना चांगला गुण आला आहे आणि एका मुलाचा नंबर या काचा घालूनही वर्षात पाऊणने वाढला. त्याच्या वडिलांनी मला ऐकवले, आणि ऐकून घेणे भाग होते. शिवाय हाँगकाँग आणि वेन्झाऊच्या मुलांचे आकडे खानापूर-निपाणीच्या मुलांना जसेच्या तसे लागू पडतीलच असेही नाही. तरीही वाचलेल्या एकेका नंबराला मोल आहे : पडद्याचा मधला भाग झिजण्याचा धोका एक नंबर कमी राहिल्यास सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असा हिशेब २०१९ मध्ये जागतिक पाहण्यांच्या आधारे मांडला गेला आहे.

बारा तासांची ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत अवघड जाते. चष्मा फक्त शाळेत आणि अभ्यासाला घालायचा, घरी आल्यावर काढून ठेवायचा, ही आपल्या घरांतील शिस्त आहे. मुलीच्या बाबतीत तर पाहुणे आले की ‘चष्मा काढ गं’ हे ठरलेलेच. पंधरा-वीस हजारांची काच दप्तरात पडून राहिली तर तिच्यात आणि साध्या काचेत काडीचा फरक उरत नाही. दुसरी गोष्ट चष्मा बसवण्याची. मधला ९ मिलिमीटरचा भाग नेमका मुलाच्या बाहुलीसमोर आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक डोळ्याचे अंतर वेगळे मोजावे लागते, मुलाने फ्रेम घालून सरळ समोर पाहत असताना काचेवर खूण करावी लागते, आणि नाकावरून घसरणारी, दोन वर्षे चालावी म्हणून मोठीच घेतलेली फ्रेम नाकारावी लागते. वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपली सवय चष्म्याला लावून चालत नाही. पहिले काही दिवस मूल कडेने धूसर दिसते म्हणते, जिना उतरताना बिचकते. ते सहसा आठवड्याभरात सरावते. हे आधी सांगितले नाही तर चौथ्या दिवशी आजी चष्मा परत घेऊन येते. माझ्याकडे अशी एक आजी आली होती. काउंटरवर चष्मा ठेवून म्हणाली, “एवढं पैसं घेतलासा आन पोरगं धुरकट दिसतंय म्हणतंय की वो.” तिचा राग रास्त होता. चूक माझी होती. मी मुलाच्या आईला सांगितले होते, आजीला नव्हते, आणि घरात चष्म्यावर देखरेख आजीची होती.

याहून जुनी एक चूक कबूल करायची आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आया सांगत, “मामा, नंबर थोडा कमीच घाला की, पूर्ण घातला की डोळ्याला सवय लागते.” डॉक्टरांच्या कागदावर दोन असला तरी दीडची काच घालून देण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले, आणि गिऱ्हाइकाचे मन राखल्याचे समाधान मानले. कमी नंबर दिल्याने डोळा सुधारतो, या समजुतीला आधार नाही. २००२ साली मलेशियातील ९४ मुलांवर झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वेगाने वाढल्याचे दिसले होते. माझ्या दुकानातून कमी नंबर नेलेल्या मुलांचे पुढे काय झाले ते वह्यांत शोधता येईल. ते शोधायला मी अजून बसलेलो नाही.

आता नंबर काढण्याविषयी. लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग इतके लवचिक असते की यंत्रापुढे बसल्यावर ते ताणून धरले जाते आणि नसलेला मायनस दिसू शकतो, किंवा असलेला फुगून दिसतो. म्हणून मुलांची तपासणी डोळ्यांत थेंब टाकून, भिंगाचा ताण काढूनच करावी, असे डॉक्टर सांगतात. थेंब टाकल्यावर दिवसभर, काही औषधांनी त्याहून जास्त वेळ, जवळचे धूसर दिसते आणि उजेड खुपतो. त्या संध्याकाळची ट्युशन बुडते. तेवढ्यासाठी पालक थेंब टाळतात आणि रस्त्यावरच्या दुकानात, त्यात माझेही आले, संगणकावर पाच मिनिटांत नंबर काढून घेतात. साध्या चष्म्यापुरते यात एखादवेळी निभावते. पण नंबर किती वेगाने वाढतो आहे हे ठरवायचे असेल तर एका वर्षी थेंबाशिवाय आणि दुसऱ्या वर्षी थेंब टाकून काढलेल्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. थेंबांवरून आठवले : नंबर रोखण्यासाठी अगदी सौम्य ॲट्रोपीनचे थेंबही डॉक्टर काही मुलांना देतात, त्यांची मात्रा ०.०१ ते ०.०५ टक्के असते. औषधाच्या दुकानात नेहमी मिळणारे ॲट्रोपीन १ टक्क्याचे, म्हणजे शंभरपटीपर्यंत तीव्र असते. नाव सारखे म्हणून ते कोणी आपल्या मनाने आणू नये.

आणि इथे सीमाभागाचा प्रश्न येतो. सीमावादाविषयी मी लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. निपाणीची माणसे डोळे दाखवायला कोल्हापूरला किंवा मिरजेला जातात, खानापूर आणि जांबोटीकडची बेळगावला येतात, चंदगडची महाराष्ट्रात राहूनही बेळगावलाच येतात. यंदा काका मिरजेला निघाले होते म्हणून मुलाला तिकडे दाखवले, पुढच्या वर्षी गावात शिबिर लागले, त्याच्या पुढच्या वर्षी बाजाराच्या दिवशी दुकानात नंबर काढला, असे आपल्याकडे घरोघरी चालते. प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा, भाषा वेगळी, आणि नवा चष्मा आला की जुना कागद फ्रेमच्या डबीतून निघून चुलीत जातो. अशा मुलाचा नंबर गेल्या तीन वर्षांत किती वाढला, हे कोणत्याही एका डॉक्टरला सांगता येत नाही. ज्या मुलाला या महागड्या काचांची खरी गरज आहे ते मूल गर्दीत हरवते, आणि ज्याचा नंबर दोन वर्षे जागचा हललेला नाही त्याचे वडील जाहिरात वाचून त्याच काचा मागायला येतात. अशा एका गृहस्थांना मी परत पाठवले. ते दुसऱ्या दुकानातून त्या घेऊन गेले.

शाळांमधून तपासणी होत नाही असे नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे यांची तरतूद आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा सरकारी शाळांत येतात. सहा मीटरवर तक्ता टांगून, एकेक डोळा झाकून मुलांना उभे करणाऱ्या शिक्षकांना मी पाहिले आहे, आणि त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु या सगळ्या यंत्रणेचा प्रश्न एकच असतो : या मुलाला दिसते की दिसत नाही? दिसत नसेल तर चष्मा दिला आणि काम संपले. गेल्या वर्षी या मुलाचा नंबर किती होता, हे विचारण्याची जागाच त्या कागदावर नसते. एका मराठी शाळेतील मुलाच्या हातात आलेली चिठ्ठी त्याचे आजोबा माझ्याकडे वाचून घ्यायला घेऊन आले होते. ती कन्नड आणि इंग्रजीत होती, आजोबांना दोन्ही वाचता येत नव्हते, आणि चिठ्ठीवर महिन्याच्या आत दाखवायला सांगितले होते ते मुलाने पाचव्या महिन्यात दाखवले. चिठ्ठी मराठी शाळेतील मुलांना मराठीतही द्यावी, एवढी मागणी करण्यात कोणाच्या भाषेचा अपमान नसावा.

माझी मुख्य मागणी याहून लहान आणि बिनखर्चाची आहे. कर्नाटकात प्रत्येक शाळकरी मुलाचा सॅट्स, म्हणजे शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-नोंदीचा, क्रमांक असतो आणि शाळा बदलली तरी तो बदलत नाही. त्या क्रमांकाखाली दोन्ही डोळ्यांचे नंबर, तपासणीची तारीख आणि थेंब टाकले होते की नाही, एवढी नोंद दरवर्षी झाली तर तिसऱ्या वर्षी शाळेतील कोणालाही, डोळ्यांचे काहीही न कळता, नुसत्या आकड्यांवरून सांगता येईल की अमुक मुलाचा नंबर धावतो आहे. शासनाकडून हे होईपर्यंत शाळांनी प्रगतिपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हे तीन रकाने आखले तरी चालतील. पालकांनी तर वाट पाहायचेही कारण नाही. जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड ज्या पिशवीत असते त्याच पिशवीत मुलाच्या नंबराचे सगळे कागद ठेवावेत. आणि आम्ही चष्मेवाल्यांनीही, मागील नंबर पाहिल्याशिवाय मुलाची काच घासायला घ्यायची नाही, असा नेम करावा. माझ्या दुकानात गेल्या सहा महिन्यांपासून हा नेम आहे. गिऱ्हाईक थोडे कमी झाले.

डोळ्याची लांबी मोजण्यासाठी नवे यंत्र हवे, असा आक्षेप येईल, म्हणून हेही लिहितो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणत्या नंबराचे भिंग बसवायचे हे ठरवताना डोळ्याची लांबी मोजावीच लागते. म्हणजे जिथे जिथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते तिथे तिथे लांबी मोजण्याची सोय आहेच. आजोबांच्या डोळ्याला लागणारे ते माप नातवाचेही घेता येते, विशेषतः डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाने मोजणारे यंत्र असेल तर मुलाला काही त्रासही होत नाही. नंबरापेक्षा लांबीचे माप जास्त भरवशाचे, कारण ते भिंगाच्या ताणाने फसत नाही. वर्षातून दोनदा हे माप घेऊन मुलाच्या कागदावर लिहून देण्याचा उपक्रम आपल्या भागातील मोठ्या रुग्णालयांनी आठवड्यातील एका ठरावीक दिवशी सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.

काचांच्या किमतीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. साध्या काचांची जोडी माझ्याकडे तीनशे रुपयांपासून मिळते. ठिपक्यांच्या काचांची जोडी पंधरा हजारांच्या पुढे जाते, आणि नंबर बदलला की नवी घ्यावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्याच्या काचांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याचा थोडा दिलासा आहे, पण तो थोडाच. उसाचे बिल कधी मिळेल याची शाश्वती नसलेल्या किंवा वडगावात यंत्रमागावर राबणाऱ्या घराला ही रक्कम सांगताना माझीच जीभ अडखळते. सगळ्यांना या काचा मोफत द्या, अशी मागणी मी करत नाही, कारण ती कागदावरच राहील. दहा वर्षांच्या आतील ज्या मुलांचा नंबर वर्षाला पाऊण किंवा अधिक वाढतो आहे अशीच मुले निवडून त्यांना शासकीय योजनेतून या काचा द्याव्यात. ती संख्या शासनाला न पेलणारी असेल असे मला वाटत नाही. पण ती मुले कोणती, हे कळायला पुन्हा वहीच लागते. कंपन्यांनाही एक सांगणे आहे. या काचा बसवल्यावर काही महिन्यांतच नंबर बदलला तर नवी जोडी सवलतीत देण्याची हमी त्यांनी लेखी आणि मराठीत द्यावी. तोंडी हमी देऊन शब्द खाली पडला की शिव्या दुकानदाराला बसतात.

ज्यांना हा खर्च झेपत नाही आणि ज्यांच्या मुलांना अजून चष्मा लागलेला नाही, त्यांच्यासाठी एक फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे उजेड. चीनमध्ये ग्वांगझू येथील शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर काढले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागणाऱ्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले. तैवानने २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. ऊन पाहिजे असेही नाही. ढगाळ दिवशी, झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट उजेड असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड असते, कणकुंबीकडे तर मुलांना आठवडे-आठवडे ओसरीबाहेर पडता येत नाही, आणि पाऊस सरला की सहामाही येते. तेव्हा निदान उघडीप असेल त्या दिवशी तरी खेळाचा तास गणिताच्या सरांनी मागून घेऊ नये आणि मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप लावून मुलांना मैदानावर पिटाळावे. चष्मा लागल्यावर याचा उपयोग कमी होतो, लागण्याआधी जास्त.

माझ्या दुकानात १९९४ पासूनच्या बावीस वह्या आहेत. त्यांतील पानांना थोडी वाळवी लागली आहे, पण अक्षर वाचता येते. लहान वयात चष्मा लागून पाच वर्षे किंवा अधिक काळ माझ्याकडे आलेल्या मुलांचे नंबर, नावे वगळून, एका कागदावर उतरवण्याचे काम मी माझ्या पुतण्याच्या मदतीने सुरू केले आहे. आपल्या भागातील कोणा नेत्रतज्ज्ञांना त्याचा उपयोग वाटल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. वह्या घेऊन मी स्वतः येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक चष्मेविक्रेता, शहापूर, बेळगाव